देवासचे पियानो आणि जपानी बेस

देवास म्हटलं की आम्हा गोवेकरांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते कुमार गंधर्वांचं. १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने ते माळव्यातल्या या गावी आले आणि १९९२ साली गेले तेही देवासलाच. त्याआधी हे गाव ओळखलं जाई ते उस्ताद रजब अली खांमुळे. अमानत खां देवासवाले यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ शिकल्या, म्हणजे आमच्या मंगेशीचाही धागा इथे जुळतो. पण आज देवासची आठवण काढायची आहे ती वाजलेल्या नव्हे, तर न वाजलेल्या वाद्यांसाठी. निमित्त आहे जुन्या जपानी इलेक्ट्रिक बेस गिटारचं. गोव्यातल्या कितीतरी घरांत असा एखादा बेस कपाटावर धूळ खात पडलेला असतो, आणि कधी ना कधी तो विकायचा प्रश्न येतो. तो कसा विकावा, हे ठरवायला देवासची गोष्ट कामी येते.

धार आणि देवास ही मराठ्यांची, पवारांची संस्थानं. पवार आपलं नातं थेट धारच्या परमार राजा भोजाशी सांगत. देवासचे तर दोन भावांत दोन वाटे झाले होते: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार! थोरल्या पातीच्या गादीवर तिसरे तुकोजीराव असताना, १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने त्यांचा खाजगी चिटणीस होता. त्याने घरी धाडलेली पत्रं पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. नव्या राजवाड्यात त्याला काय दिसलं? दोन पियानो, त्यांतला एक मोठा ग्रँड, शिवाय एक हार्मोनियम. सगळं नवंकोरं आणि सगळं निकामी. माळव्याच्या कोरड्या हवेने लाकूड तडकलेलं, पट्ट्या अडकलेल्या. फॉर्स्टर स्वतः पियानो वाजवणारा, त्याला किती चुटपुट लागली असेल!

राजाला संगीताचं वावडं होतं असं मुळीच नाही. वाद्यं मागवली गेली, पण ती सुरात ठेवणारा माणूस मागवला गेला नाही. संस्थानचा कारभारही तसाच चालला. कर्ज वाढत गेलं, १९३३च्या अखेरीस तुकोजीराव फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. गंमत अशी की, ज्या भोजाचा वारसा पवार सांगत, त्या भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातल्या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. यंत्र कसं चालतं, हा प्रश्न धारच्या मातीत नवा नव्हता.

हाच प्रश्न देवासच्या त्या पियानोंआधी चौतीस वर्षं जपानमध्ये एका कारागिराला पडला होता. १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेतला अमेरिकन ऑर्गन बिघडला, म्हणून तोराकुसु यामाहा नावाच्या माणसाला दुरुस्तीला बोलावलं. तो घड्याळं आणि वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा. त्याने ऑर्गन उघडला, दुरुस्त केला, त्याचे नकाशे काढले आणि तसाच दुसरा बनवला. तो खांद्यावरच्या काठीला बांधून डोंगर ओलांडत तोक्योला नेला. तिथल्या जाणकारांनी सांगितलं, बांधणी चांगली, पण सूर बरोबर नाहीत. यामाहा सूर लावायला शिकला आणि पुन्हा बनवला. १९००पर्यंत त्याची कंपनी पियानो बनवू लागली होती. परदेशी वाद्य दोन्हीकडे आलं, दोन्हीकडे बिघडलं. फरक एवढाच की, एकीकडे कुणीतरी ते उघडून पाहिलं.

जपानी बेसचा जन्म याच वृत्तीतून झाला. इलेक्ट्रिक बेस रूढ केला तो अमेरिकेच्या लिओ फेंडरने, १९५१ साली. त्यापूर्वी खर्ज सांभाळायला माणसाएवढा उंच डबल बेस लागे. १९६० साली मात्सुमोतो गावात फुजिगेन हा कारखाना निघाला. १९७०च्या दशकात तिथे आणि शेजारच्या मात्सुमोकु कारखान्यात अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या. नकल करता करता हात असा बसला की १९८२ साली खुद्द फेंडरने जपानमध्ये कंपनी काढून फुजिगेनकडून आपली वाद्यं बनवून घेतली! नक्कल करणाऱ्याच्या दारात अस्सलवाला आला.

ही वाद्यं गोव्यात कशी आली? १९९१पूर्वी परदेशी वाद्य आयात करणं म्हणजे महाकर्मकठीण. मग ती येत तारवट्यांच्या सामानातून, आखातातून परतणाऱ्यांच्या पेटाऱ्यातून. इगर्जीच्या शाळेत सोल्फाचे धडे गिरवलेली आमची मुलं आधीच मुंबईच्या स्टुडिओंत जाऊन बसली होती. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस वाजवणारे टोनी वाझ हे त्यांच्यातलेच. गावात लग्नाचे बँड होते, तियात्र होते, हॉटेलं होती. बेस घरी आला तो कमाईचं साधन म्हणून.

आता विक्रीचं. पहिली गोष्ट, 'लॉसूट' या शब्दाला भुलू नका. जुना जपानी बेस विकणारे सर्रास सांगतात की हा खटल्याच्या काळातला आहे, म्हणून किंमत जास्त. तो खटला १९७७ साली झाला, गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने आयबानेझच्या अमेरिकन वितरकाविरुद्ध घातलेला. वाद होता गिटारीच्या माथ्याच्या आकाराचा, आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. फेंडरच्या धर्तीच्या बेसचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. दुसरी गोष्ट, माथ्यावरचं नाव म्हणजे कारखान्याचं नाव नव्हे. ग्रेको आणि आयबानेझ ही वेगळी नावं, पण दोन्हींची कितीतरी वाद्यं एकाच फुजिगेनमध्ये घडली. तेव्हा माहीत असेल तेवढंच सांगावं.

तिसरी गोष्ट हवेची. चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो. तो तोलायला मानेच्या आत लोखंडी सळई असते. माळव्याच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं, आमच्या पावसाळ्यात ते फुगतं, मान वाकते, खटके गंजतात. म्हणून विकण्याआधी जाणत्या माणसाकडून मान सरळ करून घ्यावी, नव्या तारा चढवाव्यात. पण रंग नवा देऊ नये आणि मूळचे पिकअप बदलू नयेत. जुने निघालेले सुटे भाग असतील तर तेही सोबत द्यावेत. गिऱ्हाइकाला वाजवून दाखवता येईल असा बेस आणि पेटीत मुका पडलेला बेस, यांच्या किमतीत फार अंतर असतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्टुडिओत वाजवणाऱ्यांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली. ग्रेगरी बूथ यांनी त्या वादकांना भेटून लिहिलेलं 'बिहाइंड द कर्टन' यायला २००८ साल उजाडलं. गावच्या बँडवाल्यांचं तर तेवढंही झालेलं नाही. बेस विकला जातो तेव्हा त्या माणसाच्या वाजवण्याची शेवटची खूणही घराबाहेर जाते. तेव्हा एक कागद लिहावा: हे वाद्य कोणी घेतलं, कोणत्या साली, कोणत्या बंदरातून आणलं, कोणत्या बँडमध्ये वाजलं. एखादा जुना फोटो असेल तर त्याची एक प्रत त्यासोबत द्यावी आणि एक घरी ठेवावी. जाणकार गिऱ्हाईक अशा कागदाला किंमत देतं. पण ते जाऊ दे. ज्याने आयुष्यभर मागे उभं राहून इतरांच्या गाण्याला खर्ज दिला, त्याचं नाव निदान वाद्याबरोबर तरी जावं.

विकताना वाईट वाटतंच. पण वडिलांची वस्तू म्हणून जपलेला आणि कधीच न उघडलेला बेस देवासच्या पियानोंच्याच वाटेने जातो. तियात्राच्या बँडमधल्या एखाद्या तरुण पोराच्या हाती तो गेला, तर चार पैसे कमी आले तरी चालतील. सूर लागतील, आणि लाकडालाही बरं वाटेल!