1,207 पाट्यांपैकी 48

निवडणूक जाहीर झाली की पालिकेचा टेम्पो गल्लीत येतो. एकजण खांबाला शिडी लावतो, दुसरा फलक उतरवून घेतो. तेवढ्यात कोणीतरी कार्यकर्ता धावत येतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो: "आमचाच का काढता? त्यांचा दिसत नाही का?"

माझं पीएच.डी.चं काम म्हणजे थोडक्यात हाच प्रश्न. एम.एस्सी. संख्याशास्त्रात केल्यामुळे वाद ऐकला की मी आधी मोजणी शोधते. प्रचाराच्या पाट्यांबाबत अशी एक मोजणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते. तिथे हे नियम बहुतेक शहरं आणि गावं स्वतः करतात, त्यामुळे भांडणंही गावोगावची असतात. त्यातली तीन आज सांगते.

पहिलं लॉस एंजेलिसचं, 1979 मधलं. रोलंड व्हिन्सेंट नगरपरिषदेला उभे होते. समर्थकांनी त्यांच्यासाठी 15 बाय 44 इंचांच्या पुठ्ठ्याच्या पाट्या करून घेतल्या. विजेच्या खांबांच्या आडव्या तारांवर त्या घडी करून टाकायच्या आणि खालून स्टेपल मारायचे. मजकूर काय, तर उमेदवाराचं नाव आणि पद, बस्स. पण सार्वजनिक मालमत्तेवर पाट्या लावायला शहराची बंदी होती, म्हणून कर्मचारी त्या काढत गेले. 1 ते 7 मार्च या आठवड्यात शहराने एकूण 1,207 पाट्या काढल्या. त्यातल्या व्हिन्सेंट यांच्या किती? 48. म्हणजे शंभरात चार. उरलेल्यांतल्या बहुतेक धंद्याच्या जाहिराती होत्या.

आता माझ्यातली संख्याशास्त्राची विद्यार्थिनी इथे अडते. काढल्या 48, पण लावल्या किती होत्या? ते कळल्याशिवाय वागणूक सारखी होती की नाही हे या आकड्यावरून सिद्ध होत नाही. निकालही या एका आकड्यावर उभा नाही. विचार पसंत नाहीत म्हणून आमच्यावर कारवाई झाली, असा दावाच कोणी केला नव्हता. 1984 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी शहर जिंकलं. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलं की डोळ्यांना खुपणारी गर्दी कमी करणं हे शहराचं रास्त काम आहे आणि नियम मजकूर बघत नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा विरोध होता. 'सौंदर्य' हे कारण सांगायला सोपं, तपासायला अवघड, ही त्यांची काळजी होती. मला ती आजही पटते.

दुसरी गोष्ट सेंट लुईसजवळच्या लाड्यू या उपनगराची. डिसेंबर 1990 मध्ये मार्गारेट गिलिओ यांनी आखाती युद्धाला विरोध करणारी दोन बाय तीन फुटांची पाटी स्वतःच्या अंगणात लावली. ती नाहीशी झाली. दुसरी लावली, ती कोणीतरी पाडली. तक्रार केली तर उत्तर मिळालं की अशा पाटीला गावात मनाईच आहे! घर विकायची पाटी मात्र चालत होती. मग त्यांनी साधारण ए-फोर कागदाएवढी पाटी वरच्या मजल्याच्या खिडकीत लावली. ही निवडणुकीची पाटी नव्हती, पण 1994 चा निकाल अंगणातल्या प्रचाराच्या पाट्यांनाही आधार देऊन गेला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती गिलिओंच्या बाजूने होते, आणि निकाल लिहिला पुन्हा स्टीव्हन्स यांनीच. खांब शहराचा, अंगण तुमचं. शिवाय ज्याच्याकडे मोठ्या जाहिरातीला पैसे नाहीत, त्याला घरासमोरच्या पाटीला दुसरा पर्याय नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

तिसरं गाव ॲरिझोनातलं गिल्बर्ट. तिथल्या नियमावलीत वैचारिक पाटी 20 चौरस फुटांपर्यंत, निवडणुकीची पाटी घराच्या जागेत 16 पर्यंत आणि कार्यक्रमाची वाट दाखवणारी फक्त 6 पर्यंत. मुदतीही वेगवेगळ्या. स्वतःची इमारत नसलेल्या एका लहान चर्चच्या पाट्या मुदतीनंतर राहिल्या म्हणून कारवाई झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही नियमावली रद्द ठरवली. पाटीवर काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय नियम कोणता लावायचा हेच कळत नसेल, तर तो नियम संशयास्पद, असा त्याचा सारांश.

तिन्ही एकत्र ठेवा. कुठे, केवढी आणि कधीपर्यंत, हे गाव विचारू शकतं. ते पाळणं उमेदवाराचं काम. काय लिहिलंय, हे विचारायला लागलं की गावाने सावध व्हायचं.

आपल्याकडची मांडणी निराळी आहे. आदर्श आचारसंहितेनुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या भिंतीवर पत्रक किंवा घोषणा लावता येत नाही. पण निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार स्थानिक कायद्यात मनाई असेल तर मालकाचा होकारही पुरत नाही. म्हणजे गिलिओंना मिळालेली मोकळीक इथे गृहीत धरू नका. महाराष्ट्रात 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, तो आधी बघा. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. निवडणूक जाहीर झाल्यावर सरकारी मालमत्तेवरचे फलक 24 तासांत, सार्वजनिक जागेवरचे 48 तासांत आणि खासगी जागेवरचे बेकायदा फलक 72 तासांत उतरवायचे असतात.

आता त्या कार्यकर्त्याकडे परत येऊ. त्याचा प्रश्न चुकीचा नाही, पण शिडीखाली उभं राहून त्याचं उत्तर मिळत नाही. किती फलक होते, किती काढले, कोणाचे काढले, हे वहीत असेल तरच ते देता येतं. लॉस एंजेलिसच्या वहीत निदान अर्धी नोंद होती. तुमच्या वॉर्डात अशी वही ठेवतात का, एकदा विचारून बघा.