सुई हलली, पण का?

शनिवारी सकाळी गोराईच्या जेट्टीवरून लाँच पकडली आणि खाडीपलीकडच्या पॅगोडात जाऊन आलो. (आम्ही बोरिवलीकर. घराजवळचं म्हणून इतकी वर्षं राहूनच गेलेलं!) २००९ साली उद्घाटन झालेला हा घुमट. आत एकही खांब नाही आणि सुमारे ८००० माणसं ध्यानाला बसू शकतात. विपश्यनेत शिकवतात ते थोडक्यात असं: राग आला की श्वास बदलतो, अंगात काहीतरी जाणवतं, ते नुसतं बघा.

माझ्या डोक्यात मात्र ऑफिस. आमच्या टीमचं सध्याचं काम म्हणजे पेशंटचा आवाज, नाडी आणि तळहाताचा घाम रेकॉर्ड करून तो उदास आहे की घाबरलेला, हे सॉफ्टवेअरला शिकवायचं. म्हटलं, याची सुरुवात कुठे झाली ते बघू.

सुरुवात शंभर वर्षांहून जुनी निघाली. झुरिकच्या मनोरुग्णालयात कार्ल युंग पेशंटला एकेक शब्द ऐकवायचे आणि मनात येईल तो पहिला शब्द बोलायला सांगायचे. उत्तराला लागलेला वेळ स्टॉपवॉचवर, त्वचेतला बदल गॅल्व्हानोमीटरवर, श्वास न्यूमोग्राफवर. पीटरसन यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९०७ चा. सुई हलली की कळायचं, इथे काहीतरी खुपतंय. काय खुपतंय, ते मात्र पेशंटशी बोलूनच.

आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योगाभ्यासात शरीरात काय होतं ते यंत्रांनी मोजायला घेतलं. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेहून पॉलिग्राफ घेऊन भारतात फिरले. काही योगी हृदय थांबवतात अशी ख्याती होती. खरंच मनगटावरची नाडी लागेना, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येईनात. पण ईसीजी चालूच! श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळल्याचा तो परिणाम. एकाच सिग्नलवर विसंबलं की असं फसायला होतं.

आवाजाची गोष्ट आणखी अवघड. संशोधकांमध्ये प्रसिद्ध असलेला बर्लिनचा भावनांचा संग्रह (२००५) दहा नटनट्यांच्या आवाजातला आहे. नट दुःख ऐकू येईल असं बोलतो. खरा माणूस ते लपवतो.

बाबा गेल्यावर आई रोज फोनवर म्हणायची, "मी बरी आहे रे." आवाज अगदी नेहमीचा. मीही मनात 'नॉर्मल' असं लेबल लावून मोकळा. दोन महिन्यांनी मावशीने सांगितलं, ती रात्र रात्र जागी असते. तिला मी नीट बसून विचारलंच नव्हतं.

आमच्या डेटात भावनेचा कॉलम रेकॉर्डिंग ऐकणारी मुलं भरतात. पेशंटला कोणी विचारत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये आणखी एक कॉलम मागणार आहे: 'तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?' वेळ वाढेल, खर्च वाढेल, मॅनेजर वैतागेल.

असो. त्याचा राग ओळखायला सेन्सर लागणार नाही :-)