धम्मदीक्षेची पूर्वतयारी : खानदेशच्या संदर्भात एक टिपण

प्रस्तावना : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इतिहासलेखनात या दिवसाला योग्य महत्त्व मिळाले. त्यामागील २१ वर्षांची पूर्वतयारी मात्र दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत टिपणात तिचे स्वरूप आजच्या जळगाव-धुळे-नंदुरबार, म्हणजेच तत्कालीन पूर्व व पश्चिम खानदेशच्या संदर्भात तपासले आहे.

विवेचन : धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, येवला येथे झाली. प्रवासापूर्वी नावाडी सिद्धता करतो, तशी धर्मांतराचीही करावी लागेल, हे बाबासाहेबांनी मे १९३६ च्या मुंबई परिषदेत स्पष्ट केले. ३१ जुलै १९३७ रोजी ते न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आले. लळिंगच्या लांडोर बंगल्यातील त्यांच्या मुक्कामाचे स्मरण दरवर्षी केले जाते.

गावपातळीवरील तयारी अधिक कठीण होती. महार वतनाची कामे व मृत जनावरे ओढणे सोडणे म्हणजे बलुत्याला मुकणे होय. वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडले. परंतु वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर झाला. अर्थात, उपजीविकेची हमी नसतानाच शरणगमनाचा निर्णय झाला.

निष्कर्ष : महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ मध्ये २,४८७, तर १९६१ मध्ये २७,८९,५०१ होती. ही वाढ केवळ एका सोहळ्याने उलगडत नाही. २२ प्रतिज्ञांचा आरंभही नकारानेच होतो. काय स्वीकारावे यापूर्वी काय सोडावे, हे गावोगावी ठरले होते.