भाषेच्या सीमेवरील नाटककार : जोसेफ डेव्हिड पेणकर

मराठी नाट्येतिहासाची आपली मांडणी काही निश्चित स्थानकांवरून पुढे सरकते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘शाकुंतल’, आणि त्यानंतर देवल, खाडिलकर, गडकरी. या मांडणीचे एकक भाषा हे आहे. नाटक मराठीत असेल तर ते इतिहासात येते, नसेल तर येत नाही. निकष सोयीचा आहे, परंतु तो निर्दोष आहे काय? मराठी बोलणाऱ्या समाजातून आलेल्या, परंतु ज्याचे कर्तृत्व मुख्यतः पारशी रंगभूमीवर घडले अशा नाटककाराचा विचार करू लागताच हा प्रश्न अटळ ठरतो. जोसेफ डेव्हिड पेणकर (१८७६–१९४८) हे असे नाटककार होत. पहिल्या भारतीय बोलपटाचे लेखक म्हणून चित्रपटेतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र त्यांना जागाच उरत नाही.

जोसेफ डेव्हिड हे बेने इस्रायली ज्यू समाजातले. या समाजाची परंपरागत कथा स्थलांतराची आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, असे ती सांगते. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची दिवेकर, चेऊलकर, पेणकर ही आडनावे गावांवरून पडली. अठराव्या शतकापासून त्यांतील कुटुंबे मुंबईस येऊ लागली. तेथील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ चे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला आणि १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. धर्माने ज्यू असलेल्या या समाजाने आपले धर्मजीवनही मराठीच्या द्वारे व्यक्त केले. म्हणून जोसेफ डेव्हिड यांना मराठी भूमीवरील ‘परके’ म्हणणे युक्त नाही. त्यांचे खरे स्थलांतर भाषेच्या क्षेत्रातले आहे.

हे स्थलांतर समजण्यासाठी पारशी रंगभूमीचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. १८५३ मध्ये मुंबईत गुजरातीतून आरंभ झालेली ही रंगभूमी १८७१ मधील ‘खुर्शीद’पासून उर्दूकडे वळली. त्यामागे व्यवसायाचे गणित होते. गावोगाव, प्रांतोप्रांत फिरणाऱ्या मंडळ्यांना सर्वांना समजेल अशी भाषा हवी होती. येथील नाटककार हा कंपनीच्या गरजेनुसार लिहिणारा व्यावसायिक होता. पारशी इंपिरियल नाटक मंडळीशी निगडित असलेले जोसेफ डेव्हिड याच व्यवस्थेत घडले. मराठी रंगभूमीही या व्यवस्थेपासून अलिप्त नव्हती. भाव्यांच्या मंडळीने मुंबईत हिंदुस्थानी भाषेतही खेळ केले होते. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहून किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा मिळाली, हे तर आपले इतिहासकारच सांगतात. ऋण मान्य करायचे आणि ऋणकोच्या घरी काम करणाऱ्या आपल्या माणसाची मात्र दखल घ्यायची नाही, अशी ही विसंगती आहे. नेमके सांगायचे तर ऋणको आपण आहोत आणि धनको ती रंगभूमी. त्यामुळे विसंगती अधिकच ठळक होते.

अर्देशिर इराणी यांनी १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित केला. त्याचा आधार जोसेफ डेव्हिड यांचे त्याच नावाचे नाटक होते. राजाच्या दोन राण्या, फकिराचे भाकीत, एका राणीने नाकारल्या गेलेल्या प्रेमापोटी सेनापती आदिलवर उगवलेला सूड, भटक्यांमध्ये वाढलेली त्याची मुलगी आणि तिचे राजवाड्यात परतणे, असा कथाभाग. वाडिया मूव्हिटोनच्या ‘लाल-ए-यमन’ (१९३३) या त्यांच्याच लेखनातही सावत्र राणीचे कारस्थान, बंदिवास व फकिराचे साहाय्य हे घटक पुन्हा येतात. ‘हंटरवाली’चे (१९३५) संवादही त्यांचेच. पुनरावृत्ती म्हणून याकडे तुच्छतेने पाहता येईल. परंतु बोलपटाला आरंभी हवे होते ते कानासाठी रचलेले नाट्य : गाण्याच्या जागा, टाळी घेणारी वाक्ये, उंच आवाजातील आवाहन. हा संकेतव्यूह ज्याच्या हाती आयता होता असा लेखक रंगभूमीवरूनच येणे शक्य होते. ‘आलम आरा’ची आज एकही प्रत उपलब्ध नाही. तरी त्यातील सात गाण्यांनी रूढ केलेली रचना हिंदी चित्रपटाने पुढे सोडली नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. हद्दपारी, भटकंती आणि पुनरागमन हे घटक पाहून त्यांत ज्यू समाजाच्या विजनवासाची स्मृती शोधण्याचा तो मोह होय. हे घटक दास्तानांच्या आणि पारशी रंगभूमीच्या सार्वत्रिक संकेतांचे आहेत; त्याच रंगभूमीवर लिहिणाऱ्या मुसलमान वा पारशी नाटककारांकडेही ते आढळतात. लेखकाच्या जन्मावरून संहितेचा अर्थ लावणे हा भाषेवरून लेखकाचे स्थान ठरविण्याइतकाच एकांगी मार्ग आहे.

जालन्यासारख्या ठिकाणी मराठी शिकविणाऱ्याला हा प्रश्न केवळ सैद्धांतिक वाटत नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी आणि कचेरीत, शाळेत उर्दू अशी विभागणी मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवली. त्या पिढ्यांचे उर्दू लेखन-वाचन आपण मराठी संस्कृतीच्या इतिहासाबाहेर ठेवतो, आणि त्यामुळे आपल्याच आजोबांचे अर्धे बौद्धिक जीवन आपल्याला अपरिचित राहते. त्यांच्यावर ती भाषा राज्यसत्तेमुळे आली, जोसेफ डेव्हिड यांच्याकडे व्यवसायामुळे. हा भेद महत्त्वाचा आहे. परंतु दोहोंच्या बाबतीत वाङ्मयेतिहासाचा निष्कर्ष एकच असतो : ते आपल्या कक्षेत नाहीत.

जोसेफ डेव्हिड यांना ‘मराठी नाटककार’ ठरवावे, असा प्रस्तुत लेखाचा आग्रह नाही. तसे करणे म्हणजे मालकीचा दावा सांगणे होईल. आग्रह इतकाच, की मराठी नाट्येतिहासाने संहितेच्या भाषेबरोबरच नाट्यव्यवसायाचाही विचार करावा : मंडळ्या, दौरे, नाट्यगृहे, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ये-जा करणारी माणसे. तसा इतिहास लिहिला गेला, तर पेणचे नाव लावणारा हा ज्यू नाटककार किर्लोस्करांच्या शेजारच्याच प्रकरणात भेटेल.