नमतं घेणं

जुन्नर-आंबेगावाकडच्या गावांत एक शब्द फार ऐकू येतो. दोन भावांत बांधावरून कुरबुर सुरू झाली, कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली, सोयऱ्यांत मानपानावरून अबोला झाला, की पारावरचा कोणी वडीलधारा म्हणतो, "अरे, तू थोरला ना? मग घे की थोडं नमतं." ऐकणारा कधी ऐकतो, कधी पाय आपटत निघून जातो. पण शब्द सगळ्यांना कळतो.

या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. माघार घेतो ती समोरचा भारी पडला म्हणून. हार खावी लागते. पड खातो तेव्हा मनात थोडा हिशोब असतो. नमतं मात्र आपण होऊन घ्यायचं असतं. ते कोणाला आपल्यावर लादता येत नाही. लादलं, तर त्याला आपल्या भाषेत वेगळं क्रियापद आहे, नमवणं. नमणं, नम्र, नमन, नमस्कार हे सगळे एकाच धातूचे, आणि त्याचा मूळ अर्थ साधा आहे: वाकणं.

हा धातू आपल्या मुलखात किती जुना, याचा पुरावा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला दगडात कोरलेला आहे. कोकणातून वर येणारी नाणेघाटाची वाट जिथे पठारावर पोचते, तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. त्यात कितीतरी यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांचा हिशोब आहे. पण हिशोबाच्या आधी वंदन आहे. 'नमो' म्हणून धर्माला, इंद्राला, चंद्रसूर्यांना आणि चार लोकपालांना नमन केलेलं आहे, आणि त्यातच संकर्षण आणि वासुदेव हे जोडनाव आहे. वासुदेव म्हणजे आपला कृष्णच. ज्या घराण्याची सत्ता घाटाखाली आणि घाटावर चालत होती, त्या घरची राणी आपलं दान सांगण्याआधी वाकते. आपल्या भागातल्या वारकऱ्याने एकदा तरी ती भिंत पाहून यावी.

पुढच्या काळात मात्र वाकण्याला पायऱ्या पडल्या. कोणी कोणाला काय म्हणायचं हे जातीवरून ठरू लागलं. दरबारात मुजरा, ब्राह्मणांत नमस्कार, कुणब्या-मराठ्यांत रामराम, गोसाव्याला नमो नारायण, जंगमाला शरणार्थ, आणि महाराच्या तोंडी जोहार. माणूस अंधारातून आला तरी त्याच्या एका शब्दावरून त्याची पायरी समजत असे. हे किती टोकाला गेलं होतं ते १७७९ सालच्या एका ठरावावरून दिसतं. त्या वर्षी मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार समाजाने 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये, असा हुकूम काढला. पेशव्यांच्या दरबाराकडून तसा आग्रह होता. व्यापारासाठी आलेली परदेशी कंपनी एका जमातीने वाकताना कोणता शब्द उच्चारावा हे ठरवते, आणि तसं ठरवून घ्यायला आपलीच माणसं तिच्याकडे जातात! वाकायला मनाई नव्हती, तसं वाका म्हणूनच अपेक्षा होती. मनाई होती ती बरोबरीच्या शब्दाला.

आता या पायऱ्यांच्या शेजारी ओतूर ठेवून पाहा. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे हेच तुकोबारायांचे गुरू. माघ शुद्ध दशमीला गुरुवारी त्यांनी स्वप्नात तुकोबांच्या मस्तकावर हात ठेवला आणि 'रामकृष्ण हरी' हा मंत्र दिला. मंत्र कानात सांगायचा आणि मनात जपायचा, अशी रीत असताना हा मंत्र उघड्यावर आला. आज ओतूरपासून मंचरपर्यंत कोणत्याही माळकऱ्याला हाक मारा, फोन करा, उत्तर येतं, "रामकृष्ण हरी!" त्यात वरचा नाही, खालचा नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच शब्द बोलतात. सरकारी ठराव करून जे साधायचं नव्हतं ते मोडून काढायला कोणाला ठराव करावा लागला नाही.

पंथाने एक काम आणखी केलं. वाकणं दोन्ही बाजूंनी केलं. दिंडीत विणेकऱ्याच्या पाया सगळे पडतात. मग वीणा दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ येते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, आणि ज्याच्या पायाशी आत्तापर्यंत रांग होती तो रांगेत जाऊन उभा राहतो. सातबाऱ्यावर कोणाची किती जमीन, हे त्या वेळी कोणी पाहत नाही. आळ्याला तर आपण एका रेड्याच्या समाधीपुढे डोकं टेकतो. ज्ञानोबारायांनी वेद बोलवलेला रेडा तिथे विसावला अशी श्रद्धा आहे. पाठशाळेत शिकलेले आणि कधी शाळेची पायरी न चढलेले, दोघेही तिथे सारखेच वाकतात. मला ही दोन्ही दृश्यं कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी वाटतात.

पण वाकणारा म्हणजे दुबळा, असं समजू नये. महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड केलं. सह्याद्रीचा हा आपलाच डोंगराळ मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. सरकारला ते सापडले ते १८४८ च्या जानेवारीत, पंढरपुरात, गोसाव्याच्या वेशात. त्याच वर्षी ठाण्याला त्यांना फाशी दिलं. ज्या माणसाला सरकार नमवू शकलं नाही, तो पंढरीच्या वाटेवर यात्रेकरूंत मिसळून चालत होता. नमणं आणि नमवणं यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट मला दुसरीकडे दिसत नाही.

म्हणून हा शब्द जपून वापरायला हवा. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं आणि खालच्या शिवारांत पाणी पोचलं. त्याविषयी कोणी सहज बोलून जातं, की वरच्या लोकांनी नमतं घेतलं. त्यांनी नमतं घेतलं नाही. त्यांना उठावं लागलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात, ते पाहणाऱ्याला तरी हा फरक सांगावा लागत नाही.

आणि घरात? घरात हा शब्द बहुतेक वेळा एकाच बाजूला सरकवला जातो. सुनेला सांगितलं जातं, तूच घे नमतं. सासूला क्वचित. लेकीच्या बाबतीत तर कागदच तयार असतो. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीचे भाव चढले, आणि बहिणींना माहेरचं निमंत्रण हक्कसोड पत्रासाठी येऊ लागलं. "भावासाठी एवढं नमतं घे, माहेर राहील." पुष्कळ बहिणी आनंदाने सही करतात, त्यांच्या मनाचा मोठेपणा मोठाच आहे. पण ज्या घरात नुसतं विचारल्यावरही अबोला धरतात, तिथे त्या सहीला काय म्हणायचं?

आपल्यापैकी किती जणांनी वीणा खाली ठेवून घरी आल्यावर बहिणीला विचारलं असेल, की बाई, तुझ्या मनात काय आहे? विचारून तिने नको म्हटलं, तर ती नमली. ती हवा म्हणाली आणि भावाने मोजणी करून तिचा तुकडा वेगळा काढून दिला, तर भाऊ नमला. दोन्ही प्रकारची घरं आपल्या दिंड्यांत आहेत, आणि दुसऱ्या प्रकारची फार कमी आहेत. हक्कसोड पत्रात मात्र दरवेळी तेच लिहिलेलं असतं, 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना'.