अडीच गुंठ्यांचा इतिहास

वसंत आला की परसात दोन वाफे पाडावेत, भेंडी-गवारीचे बी टोचावे, मांडवावर दोडका चढवावा. हा फावल्या वेळचा छंद, अशी आपली समजूत असते. पण बी टोचण्याआधी दोन गोष्टी लागतात : पायाखाली जमीन आणि हाताला सवड. या दोन्ही कष्टकऱ्याला कोणी आपण होऊन दिलेल्या नाहीत. गिरणी कामगार हा वर्ग जेथे प्रथम जन्मला, त्या इंग्लंडची हकीगत म्हणून आम्ही आज निवडली आहे.

१६४९ च्या जानेवारीत तेथे राजा चार्ल्सचा शिरच्छेद झाला. धान्य महाग होते. १ एप्रिलला सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल या गावरानावर काही गरीब माणसे कुदळी घेऊन आली आणि त्यांनी गाजरे, पार्सनिपचे कंद व घेवडा पेरला. त्यांचा पुढारी जेरार्ड विन्स्टन्ली हा दिवाळे निघालेला कापडाचा व्यापारी. पुढे तो गुरे राखी. पृथ्वी सर्वांची आहे, एवढेच त्याचे म्हणणे. जमीनदारांनी पिके तुडविली, मारहाण केली, खटले भरले. माणसे जवळच्याच कॉबम येथे गेली. १६५० च्या एप्रिलमध्ये तेथील झोपड्याही जाळण्यात आल्या. भाजीच्या वाफ्याला एवढे भ्यायचे कारण काय? वाफा लहान होता, प्रश्न मोठा होता.

पुढे कायद्यानेच कुंपणे पडली. १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे होऊन सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. गाय चारण्याची, सरपण वेचण्याची जागा गेली, तसा मजूर शहराकडे लोटला गेला. १८४५ च्या कायद्यात गरिबांसाठी भाजीचे तुकडे राखण्याची तरतूद होती, तीही फार तर पाव एकराची. एवढ्यालाही काही शेतमालकांची हरकत होती! मजूर आपले बळ स्वतःच्या वाफ्यासाठी राखून ठेवील, ही त्यांची धास्ती.

अखेर मजुरांना मताचा अधिकार मिळाल्यावर, १८८७ आणि १९०८ च्या कायद्यांनी स्थानिक मंडळांवर असे तुकडे देण्याची जबाबदारी आली. नेहमीचा तुकडा दहा चौरस रॉडचा, म्हणजे आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठे.

आता सवडीचे पाहा. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. बटाटे लावण्याचा प्रघात गुड फ्रायडेचा. वसंतातील ती हक्काची सुटी. बियाण्याच्या बटाट्यांना आधी उजेडात कोंब आणावयाचे, मग डोळे वर करून सरीत ठेवावयाचे, आणि कोंब दिसताच हिमापासून बचावासाठी मातीची भर द्यावयाची. तिकडचा वसंत बेभरवशाचा. एका रात्रीच्या हिमाने कोवळे पान काळे पडते.

महायुद्धात बोटी बुडू लागल्या तेव्हा सरकारलाही हा वाफा आठवला. १९१८ पर्यंत असे तुकडे सुमारे १५ लाखांवर गेले. शांतता होताच पुष्कळ जमिनी मालकांनी परत घेतल्या. १९३९ च्या ऑक्टोबरात पुन्हा हाक आली : आणखी पाच लाख तुकडे हवेत! संकटात कामगाराची कुदळ देशाची असते, संकट टळले की जमीन मालकाची होते.

मुंबईच्या गिरणी कामगाराला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली. सवड मिळाली; अडीच गुंठे मिळाले नाहीत. चाळीच्या कठड्यावर डब्यातली तुळस, एवढीच त्याची बाग. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. त्या जमिनींत कामगाराच्या वाफ्याचा विचार कोणी केला?

श्रोतेहो, आपण घरी जाऊन बी अवश्य पेरा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९०८ च्या त्या कायद्यात अशी तरतूद होती, की सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर मंडळाला तिचा विचार करावाच लागे. फक्त सहा. या मंडपात त्याहून पुष्कळ अधिक मतदार बसलेले आम्हांस दिसत आहेत.