अंगणवाडी : शाळा मुलाच्या दारी गेली त्याची गोष्ट

१/ आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पोषण आहार, लसीकरण आणि वजनकाटा उभा राहतो. शब्दाचा जन्म मात्र एका शैक्षणिक पेचातून झाला : मूल शाळेत येतच नसेल, तर शाळेने काय करावे? त्या पेचाचा हा इतिहास. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रारंभ रोममध्ये. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ‘बालगृह’ उघडले. आईवडील कामावर गेले की ही मुले दिवसभर जिन्यांत उंडारत आणि भिंती खराब करीत. त्यांना कोठेतरी गुंतवून ठेवावे, एवढीच इमारत चालवणाऱ्यांची अपेक्षा होती.

३/ मॉन्टेसरी या पेशाने वैद्य. त्यांनी मुलांना शिकवण्याआधी त्यांचे निरीक्षण केले. त्यांना असे आढळले, की हाताळण्याजोगी वस्तू मिळाली आणि ती निवडण्याची मोकळीक असली, तर तीन-चार वर्षांचे मूलही एकच कृती पुन्हापुन्हा, तल्लीन होऊन करते. त्यासाठी बक्षीस लागत नाही आणि धाकही लागत नाही.

४/ त्यांच्या साधनांमागचे तत्त्व साधे आहे. दट्ट्यांचा ठोकळा घ्या. प्रत्येक दट्ट्या त्याच्याच खाचेत बसतो. एक जरी चुकला, तरी शेवटी एक दट्ट्या उरतो, एक खाच रिकामी राहते आणि मुलाला आपली चूक स्वतःच दिसते. ‘चुकलास’ असे म्हणायला शिक्षक लागत नाही. बालकेंद्री शिक्षणाचा गाभा येथे आहे : चूक दाखवण्याचा अधिकार मोठ्या माणसाकडून वस्तूकडे जातो.

५/ हा विचार पश्चिम भारतात रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. ते वकील होते. मुलाच्या जन्मानंतर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरींच्या लेखनापर्यंत पोहोचले, वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू झाले. गुजरातेत त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

६/ १९२३ साली एक मराठी स्त्री त्यांच्या कामात सामील झाली : ताराबाई मोडक. जन्म १८९२, माहेर प्रार्थनासमाजी केळकरांचे, १९१४च्या पदवीधर. विवाह मोडला होता, पदरी लहान मुलगी होती. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. त्या काळी घटस्फोटित स्त्रीने असा निर्णय घेणे किती अवघड असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

७/ १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागले. १९३६ साली ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार उभा राहिला. बालशिक्षण हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही जाणीव मराठी मध्यमवर्गात रुजू लागली.

८/ मात्र येथेच एक विसंगती निर्माण झाली. रोममधील गरीब मुलांच्या निरीक्षणातून जन्मलेली पद्धती भारतात येईपर्यंत सुस्थित घरांची झाली. काटेकोर मापाची, उत्तम लाकडाची साधने, स्वतंत्र खोली, प्रशिक्षित शिक्षिका : हे सारे शहरातील फी भरणाऱ्या पालकांच्याच आवाक्यात होते.

९/ ही खंत एकट्या ताराबाईंची नव्हती. गोलमेज परिषदेसाठी १९३१ साली लंडनला गेलेले महात्मा गांधी मॉन्टेसरींना भेटले. असे शिक्षण केवळ श्रीमंतांच्या मुलांना न मिळता दरिद्री घरांतील मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी तेथे बोलून दाखवली. पुढे नई तालीमच्या चळवळीत पूर्व-बुनियादी शिक्षण, म्हणजे शाळापूर्व वयाचे शिक्षण, हा विषय आला.

१०/ १९४५ साली ताराबाईंनी मुंबई सोडली आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. जन्म १९१०, बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य. त्यानंतर जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून बोर्डीला आल्या.

११/ गावात बालवाडी उघडली. पाटी लागली, साहित्य मांडले, गावातील मुले येऊ लागली. दलित वस्तीतील मुले मात्र आली नाहीत. वस्ती आणि गाव यांत अंतर थोडे होते, पण ते ओलांडण्याची मुभा नव्हती. आई मजुरीला गेलेली, अंगावर धड कपडा नाही, आणि सवर्णांच्या मुलांशेजारी बसवून घेतील याची खात्री नाही. तिथे ती मुले यावीत कशी?

१२/ मग शिक्षिकाच वस्तीत गेल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ मांडायचे. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव ‘अंगणवाडी’. शब्दात कसलाही अलंकार नाही. जागेचे सरळ वर्णन तेवढे आहे.

१३/ साहित्याचे काय? बोर्डीच्या किनाऱ्यावर शंखशिंपले होते. रानात बिया, पाने, पिसे, बांबू होते. खडे आणि माती तर सर्वत्र. लहान-मोठे खडे क्रमाने लावणे, बियांचे सारख्यास सारखे ढीग करणे, शिंपले मोजणे, ओल्या मातीत बोटाने आकार काढणे : इंद्रियशिक्षण, वर्गीकरण आणि गणन यांचे हेच पहिले धडे.

१४/ या बदलात काही गमावलेही असावे, असे मला वाटते. दट्ट्यांचा ठोकळा मुलाला त्याची चूक आपोआप दाखवतो. शिंपल्यांचा ढीग ती तशी दाखवत नाही. म्हणून अंगणात शिक्षिकेच्या नजरेवरचा भार वाढतो. कोणते मूल कशात रमले, कोठे अडले, केव्हा हात द्यायचा आणि केव्हा गप्प राहायचे, हे तिलाच ओळखावे लागते. साधने स्वस्त झाली की शिक्षिकेचे कौशल्य अधिक मोलाचे ठरते.

१५/ त्या परिसराचा काळही लक्षात घ्यावा. याच १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. किसान सभा आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. बालवाडीने जमिनीचा प्रश्न सुटणार नव्हता. परंतु ज्यांच्या श्रमाला मोल नव्हते, त्यांच्या मुलांच्या कुतूहलाला मोल देणारे काम त्याच मुलखात सुरू झाले, हे विसरता येत नाही.

१६/ १९५७च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. तेथे नवाच अडसर आला. सहा-सात वर्षांची वारली मुलगी शाळेत येईना, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर. मुलगा येईना, कारण गुरे त्याच्या भरवशावर. या मुलांना शिक्षण नको होते असे नाही; शाळेची वेळ आणि त्यांचा दिवस यांचा मेळ बसत नव्हता.

१७/ यातून दोन प्रयोग उभे राहिले. पहिला ‘विकासवाडी’ : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई भावंडाला घेऊन यावी, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. दुसरा ‘कुरणशाळा’ : गुरे चरतात तेथेच शिक्षकाने जावे. ज्यांना दिवसा सवड नव्हती, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा भरे.

१८/ माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट येथे आहे. मॉन्टेसरींनी मुलाला साधन निवडण्याची मोकळीक दिली. ताराबाई आणि अनुताईंनी तेच तत्त्व पुढे नेले : शाळेची जागा, तिची वेळ आणि तिचे साहित्यही मुलाच्या जगण्यावरून ठरू दिले. मुलाच्या कलाने घेणे हा खोलीतला नियम होता. तो संस्थेचा नियम झाला.

१९/ १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. मॉन्टेसरींचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडचे काम पाहत राहिल्या. त्यांना पद्मश्री मिळाली.

२०/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव ‘अंगणवाडी’ असे ठरले. योजनेच्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक. पूरक आहार आणि लसीकरण यांनी असंख्य बालके जगवली, त्याचे मोल वादातीत आहे. पण ज्या कामासाठी शब्द घडला, ते काम सहांतील एक होऊन बसले.

२१/ आज अंगणवाडी सेविकेला वजने घ्यायची, आहार वाटायचा, नोंदी ठेवायच्या, मोबाईलवर माहिती भरायची. आणि हे सारे मानधनावर. उरलेल्या वेळात तिने मुलांचे निरीक्षण करावे, अशी आपली अपेक्षा. दुसरीकडे शहरांत तीन वर्षांच्या मुलांच्या हाती पेन्सिल आणि गृहपाठाची वही. शिंपल्यांचा ढीग दोन्हीकडून हद्दपार.

२२/ २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला आणि खेळातून, कृतीतून शिक्षण हा त्याचा आधार ठरवला. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कोसबाडच्या टेकडीवर तो काही दशके आधीच राबवला गेला होता. त्यासाठी काय लागते, हेही तेथे दिसले होते : मुलांकडे पाहायला सवड असलेली शिक्षिका.

२३/ पुढच्या वेळी एखाद्या अंगणवाडीवरून जाल तेव्हा क्षणभर थांबा. भिंतीवरची चित्रे आणि तक्ते पाहण्याआधी मुलांचे हात पाहा. त्या हातांत काही आहे का, आणि ते त्यांनी स्वतः उचलले आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. (समाप्त)